हीटर गेलाय म्हणे

डिशवॉशरमधलं पाणी तापत नाही, ही तक्रार पिंपळे सौदागरमध्ये डिसेंबरात येते. बिघाड मात्र पुष्कळदा मार्च-एप्रिलातलाच असतो. उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाक्या आणि डक्टमधले पाइप दिवसभर तापतात. दुपारी नळाला येणारं पाणीच चांगलं कोमट असतं. त्या पाण्यावर, हीटर बंद असला तरी, भांडी बरी निघतात आणि कोणाच्या काही लक्षात येत नाही. मग पावसाळा जातो, दिवाळी होते, पहाटे गारठा पडायला लागतो आणि एके दिवशी वरणाच्या पातेल्याला कडेनं तुपाचा पांढरा ओशट थर तसाच राहिलेला दिसतो. साबणाची वडी अर्धीच विरघळलेली असते. वाट्या ओल्या आणि गार. मग मला फोन येतो आणि फोनवरचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "हीटर गेलाय, नवीन टाकून द्या."

दुखणं काय ते सांगायचं सोडून लोक औषधाचं नाव सांगतात, याची आता सवय झाली आहे. पण हीटरच्या बाबतीत ते मला मानवत नाही. कारण 'पाणी तापत नाही' आणि 'हीटर गेला' यांच्यामध्ये निदान सात-आठ ठिकाणं आहेत, आणि त्यांतलं प्रत्येक ठिकाण मी बिघडलेलं पाहिलंय.

मी मूळचा आयटीआयचा इलेक्ट्रिशियन. चाकणच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला बरीच वर्षं होतो. आता पिंपळे सौदागर, रहाटणी, वाकड या पट्ट्यात घरगुती मशिनं दुरुस्त करतो. कारखान्यात आमच्याकडेही वॉशिंग मशीन होतं, पण मशीनिंग झालेले पार्ट धुण्याचं. खाली गरम पाण्याची टाकी, त्यात केमिकल, वरून नोझलचा फवारा. पार्टला चिकटलेलं कटिंग ऑइल सुटायला पाणी ६० अंशांच्या आसपास लागायचं. ते ४५ वर आलं की पार्ट तेलकट निघायचे, पुढे असेंब्लीवाले बोंब मारायचे आणि आमच्या सुपरवायझरचा फोन वाजायचा. स्वयंपाकघरातलं डिशवॉशर म्हणजे त्या मशीनचं धाकटं भावंड. अमेरिकेतल्या जोसेफिन कॉक्रेन या बाईंनी १८८६ साली ज्या यंत्राचं पेटंट घेतलं, त्याची युक्तीसुद्धा हीच होती. घासायचं नाही, पाणी जोरात मारायचं. त्या युक्तीला तेल आणि तूप दाद देतात ते पाणी गरम असेल तरच.

आमच्या भागात ही मशिनं आली ती मुख्यतः २०२० साली. लॉकडाऊन लागला, सोसायट्यांनी कामाच्या मावशींना गेटवरच थांबवलं आणि हिंजवडीची नोकरी घरून करणाऱ्या नवरा-बायकोवर तीन वेळची भांडी येऊन पडली. तेव्हा घेतलेली मशिनं आता अशा वयात आलीत की त्यांची वॉरंटी संपलीय, पण ती टाकून द्यावीत असं कोणालाच वाटत नाही. माझा धंदा त्या वयावर चालतो.

कुणाल आयकॉन रोडला लागून असलेल्या एका सोसायटीतलं घर होतं. काका पिंपरीतल्या एका मोठ्या कंपनीच्या टूलरूममधून निवृत्त झालेले, काकूंचे गुडघे दुखतात म्हणून मुलीनं मशीन घेऊन दिलेलं. आदल्या वर्षी हीच तक्रार होती. तेव्हा सर्व्हिस सेंटरचा माणूस येऊन हीटर बदलून गेला, साडेसहा हजार झाले. वर्षभर बरं चाललं. आता पुन्हा तेच, आणि पुन्हा तेच उत्तर मिळालं होतं, हीटर बदलावा लागेल.

"वर्षात दोनदा हीटर कसा जाईल?" काकांनी मला दारातच विचारलं. "आमच्या गावाकडचा पाणी तापवायचा रॉड पंधरा वर्षं चालला."

"काका, जुना हीटर आहे का तुमच्याकडे?"

होता. टूलरूममधला माणूस पार्ट टाकून देत नाही. काकांनी स्टूल घेतलं, माळ्यावरून वर्तमानपत्रात गुंडाळलेला हीटर काढला आणि माझ्या हातात दिला. मी मल्टिमीटर लावला. २७ ओहम. मग मेगर, म्हणजे इन्शुलेशन मोजायचं मीटर, लावून बॉडीला लीकेज पाहिलं. काहीच नाही. मग मशीनचा खालचा पत्रा काढून, वायर सोडवून, आत बसवलेला नवा हीटर मोजला. तोही २७ ओहम.

काका गणिताला पक्के. त्यांनी तिथल्या तिथे कागदावर मांडलं. २३० व्होल्टचा वर्ग भागिले २७, म्हणजे साधारण १९५० वॅट. मशीनच्या प्लेटवरच्या आकड्याशी ते जुळत होतं. म्हणजे माळ्यावर वर्षभर पडून होता तो हीटर धडधाकट होता. चोर सोडून संन्याशाला सुळी दिली होती, आणि आता दुसऱ्या संन्याशासाठी सुळी तयार होती.

काकू चहा टाकायला गेल्या. काका बॅटरी घेऊन माझ्या शेजारी जमिनीवर बसले ते काम होईपर्यंत उठले नाहीत.

बंद मशीनवर ओहम मोजले की हीटरचं कॉइल शाबूत आहे एवढंच कळतं. करंट तिथपर्यंत पोचतोय का, हे मशीन चालू असतानाच कळणार. त्यासाठी माझ्याकडे एक हातभर लांबीचं एक्स्टेन्शन आहे. त्याच्या तिन्ही वायरी वेगळ्या काढलेल्या आहेत. कारण करंट मोजायचा टाँग टेस्टर एकाच वायरभोवती लावावा लागतो. सगळ्या केबलभोवती लावला तर जाणारा आणि परत येणारा करंट एकमेकाला खोडतात आणि डोळ्यांना शून्य दिसतं. मशीन त्यावर जोडलं, ७० अंशांचा कढईवाला प्रोग्राम लावला आणि बसून राहिलो.

पाणी भरलं. पंप सुरू झाला, टेस्टरवर ०.३ अँपिअर. थोड्या वेळानं दाराच्या आतून, हीटर चालू-बंद करणाऱ्या रिलेचा, टक असा आवाज आला आणि आकडा ८.४ वर गेला. काकूंनी स्वयंपाकघराच्या ओट्यापासून विचारलं, "चालू झालं का?" झालं होतं. मी तिथेच टेस्टर गुंडाळला असता तर 'मशीन ठीक आहे' असं सांगून व्हिजिटचे पैसे घेऊन निघालो असतो. आणि अशी माणसं निघून गेलेली मी पाहिलीत.

चार-एक लिटर पाणी २५ वरून ६५ अंशांवर न्यायला १९५० वॅटच्या हीटरला हिशोबानं सहा मिनिटांच्या आत पुरतात. भांडी आणि टबचं स्टीलही तापवावं लागतं, म्हणून प्रत्यक्षात दुप्पट आणि कधी त्याहून जास्त वेळ लागतो. आमचे चहाचे कप संपले आणि आकडा एकदम ०.३ वर आला. पंप चालूच. दार थोडं किलकिलं करून थर्मामीटरची दांडी आत घातली, पाणी ३९ अंशांवर अडलेलं. दार बंद केलं, पुन्हा तसंच.

इथे कान उपयोगी पडतो. हीटर बंद करायचा असता तर मशीनच्या कंट्रोल बोर्डानं रिले सोडला असता आणि दुसरा टक ऐकू आला असता. तो आलाच नव्हता. म्हणजे बोर्डाच्या समजुतीप्रमाणे हीटर चालू होता. पाणी तापायची तो वाट पाहत बसला होता, आणि ठरलेल्या वेळात तापलं नाही की एरर दाखवणार होता. एररचं पुस्तक काढून पाहिलं तर त्यात 'हीटिंग फॉल्ट' लिहिलेलं. ते वाचून हीटर बदलणं म्हणजे ताप आला म्हणून थर्मामीटर बदलण्याइतकं खुळेपणाचं नसलं, तरी फार वेगळंही नाही.

प्लग काढला, कपॅसिटर उतरायला वेळ दिला, दाराचं पॅनेल खोललं. रिलेच्या अलीकडे आणि पलीकडे मीटरच्या टोकांना जोडणी करून, हात लांब ठेवून, मशीन पुन्हा चालवलं. हीटर चालू असताना त्या दोन टोकांमध्ये जवळजवळ शून्य व्होल्ट. जोडणी नीट असली की असंच दिसायला हवं. आणि पाणी तापायला लागून करंट तुटला त्या क्षणी तिथेच २२८ व्होल्ट. सगळं व्होल्टेज त्या एवढ्याशा जागेवर येऊन उभं राहिलं होतं. बिघाड तिथेच, हीटरपासून दीड-दोन फूट लांब.

काकांनी त्यांचं टूलरूममधलं भिंग आणलं. बोर्ड उलटा करून, बॅटरी तिरकी धरून पाहिल्यावर रिलेच्या एका पिनेभोवती सोल्डरमध्ये केसाएवढी बारीक गोल चीर दिसली. तिच्या कडेचा बोर्ड तपकिरी झालेला. साध्या डोळ्यांना ते सोल्डर चकचकीत आणि ठणठणीत दिसत होतं. त्या पिनेतून रोज आठ-साडेआठ अँपिअर करंट जायचा. पिन तापायची, निवायची, तापायची, निवायची. पिन आणि सोल्डर सारख्या प्रमाणात प्रसरण पावत नाहीत, म्हणून हळूहळू कडा सुटते. गार असताना दोन्ही टेकलेले असतात, गरम झाले की अलग होतात. म्हणून बंद मशीनवर घेतलेलं प्रत्येक माप 'ठीक' येतं.

"मग गेल्या वर्षी हीटर बदलल्यावर चालायला कसं लागलं?" काकांचा प्रश्न बरोबर होता. हीटर बदलताना वायरींची ओढाताण होते, कनेक्टर काढून परत दाबले जातात, दार उघडंमिटं होतं, चीर पडलेलं सोल्डर टेकून बसतं आणि पुढचे काही महिने निघतात. ज्यानं हीटर बदलला त्याला मनापासून वाटतं की आपण दुरुस्ती केली.

जुनं सोल्डर काढून पिन घासून साफ केली, नवं भरलं, आणि ट्रॅकच्या कडेनं तांब्याची जाड तार टाकून दिली. रिलेचे आतले कॉन्टॅक्टही वर्षभर ठिणग्या खाऊन काळे पडले असणार, म्हणून दुसऱ्या दिवशी बुधवार पेठेत तपकीर गल्लीत जाऊन त्याच रेटिंगचा रिले आणला आणि बसवला. रिले शंभर रुपयांच्या आत मिळाला. पुन्हा प्रोग्राम लावला, करंट ८.४ वर राहिला, पाणी ६८ अंशांपर्यंत गेलं, मग रिलेनं स्वतः टक करून हीटर सोडला. काकूंचा जीव भांड्यात पडला. हे वाक्य त्यांचं स्वतःचं, आणि त्यावर त्याच सगळ्यात जास्त हसल्या.

पैशांचं बोलणं निघालं तेव्हा मी काकांना सरळ सांगितलं की सामान शंभराचं आहे, बाकी पैसे शोधण्याचे आहेत. काकांनी काही न बोलता दिले. ते म्हणाले, "आमच्याकडे नवीन पोराला मी एवढंच सांगायचो, मोजलंस काय ते सांग, वाटतं काय ते नको." पण काकांसारखी गिऱ्हाइकं थोडी. नवा हीटर डब्यातून काढून बसवला की सहा-सात हजार रुपये लोक विनातक्रार देतात, कारण हातात वस्तू दिसते. बोर्डावर शेंगदाण्याएवढं सोल्डर भरून दीड हजार मागितले की चेहरा बदलतो. सर्व्हिस सेंटरच्या पोरांना मी फार दोष देत नाही. त्यांना दिवसाचे कॉल उरकायचे असतात, एका घरात बसून पाणी तापायची वाट पाहायला त्यांना कोण पैसे देणार? पार्ट विकला गेला तर सगळ्यांचं भागतं. शोधण्याची किंमत बिलात लिहायला जागाच नसते, म्हणून शोधायचं काम बंद होतं. माझं मत विचाराल तर घरगुती दुरुस्तीतला खरा बिघाड हाच आहे. म्हणून मी गिऱ्हाइकांना सांगतो, पार्ट बदलायला हो म्हणण्याआधी मीटरवरचा आकडा दाखवायला सांगा आणि बदललेला पार्ट परत मागून घ्या. माळ्यावर जागा असतेच.

हीटर खरोखर कधीच जात नाही असं नाही. पिंपळे सौदागरमध्ये तो जातो, आणि त्याचं कारण बहुतेकदा पाणी. पिंपरी-चिंचवड महापालिकेचं पाणी पवना धरणाचं. नदीतून रावेतला उचलून निगडीच्या सेक्टर २३ मध्ये शुद्ध होऊन येतं, आणि ते तसं सौम्य आहे. पण २०१९ च्या नोव्हेंबरपासून शहराला दिवसाआड पाणी. उरलेली तहान टँकर आणि बोअरवेल भागवतात. आपल्या काळ्या पाषाणातून झिरपून आलेल्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार भरपूर. पाणी तापलं की त्यातलं विरघळलेलं कॅल्शियम बायकार्बोनेट फुटतं आणि कार्बोनेट होऊन सगळ्यात गरम जागी, म्हणजे हीटरवर, बसतं. थर जाड झाला की उष्णता पाण्यात उतरत नाही, हीटर आतल्या आत भाजतो, आणि मग एक तर थर्मल कटआउट उडतो नाही तर कॉइल तुटतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा पर्याय नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. माणसाला चालतं म्हणून हीटरला चालेल असं नाही.

इथे गिऱ्हाईक टीडीएस मीटर घेऊन पुढे येतं. आरओवाल्यानं दिलेला असतो. टीडीएस म्हणजे विरघळलेलं सगळंच. त्यात कठीणपणा आणणारे क्षार किती आणि निरुपद्रवी किती ते कळत नाही. कठीणपणा मोजायच्या पट्ट्या वेगळ्या मिळतात. त्यावरून मशीनचं सॉफ्टनर सेटिंग करायचं आणि मीठ भरत राहायचं. मीठ म्हणजे डिशवॉशरचं जाडं मीठ. डब्यातलं आयोडिनचं बारीक मीठ घातलेली घरंही मी पाहिलीत. त्यात गुठळ्या होऊ नयेत म्हणून मिसळलेल्या पदार्थांनी सॉफ्टनर तुंबतो. "पावडर महाग, वडी महाग, आता मीठपण तुमचंच घ्यायचं का?" असा प्रश्न एका ताईंनी मला विचारला होता. हीटरची किंमत सांगितली, त्यांनी मीठ मागवलं.

आणखी एक. बऱ्याच सोसायट्यांत सोलरची गरम लाइन येते. काहीजण डिशवॉशरचा इनलेट तिला जोडतात, वीज वाचते म्हणून. बरीच मशिनं ६० अंशांपर्यंतचं पाणी घेतात, त्यामुळे चालतं. पण हीटर बंद पडला तर ते सोलर वर्षभर झाकून ठेवतं, आणि पावसाळ्यात चार दिवस ऊन नसलं की सगळ्या घरांतून एकाच आठवड्यात फोन.

आता जे सांगायचंय ते मी हसत सांगत नाही. शिवार चौकाजवळच्या एका घरी मला वेगळ्याच कामासाठी बोलावलं होतं, ओव्हनसाठी. निघताना बाई म्हणाल्या, "दादा, डिशवॉशरला हात लावला की मुंग्या येतात, थंडीमुळे असेल का?" मशीनला हात लावल्यावर येणाऱ्या मुंग्या थंडीच्या नसतात. मशीन चालू असताना बॉडी आणि अर्थिंग यांच्यात मीटर लावला, १४० व्होल्ट. मागचा प्लग उघडला तर हिरवी वायर कापून टेप गुंडाळलेली. विचारल्यावर कळलं की काही महिन्यांपूर्वी मशीन पाणी तापवायला लागलं की घराची आरसीसीबी पडायची, अख्खं घर अंधारात. कोणी तरी आला, 'अर्थिंगचा प्रॉब्लेम आहे' म्हणाला, वायर कापून गेला. तेव्हापासून आरसीसीबी पडली नाही. सगळे खूश.

हीटरच्या नळीत कॉइल आणि बाहेरचा धातू यांच्यामध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडची भुकटी दाबून भरलेली असते. नळीला सुईच्या टोकाएवढं भोक पडलं की भुकटी पाणी पिते आणि करंट बाहेरच्या धातूवर यायला लागतो. अशा हीटरचे ओहम बरोबर येतात. २७ चे २७. इथे मेगर हवा, ५०० व्होल्टचा. या बाईंच्या हीटरचं इन्शुलेशन १ मेगाओहमच्या खूप खाली आलं होतं. आरसीसीबी आपलं काम करत होती. फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट यांत ३० मिलिअँपिअरचा फरक दिसला की ती पडते. अर्थिंग कापल्यावर गळणाऱ्या करंटला वाटच उरली नाही, म्हणून ती गप्प बसली. ती वाट आता ओल्या लादीवर अनवाणी उभं राहून मशीनमधलं ताट काढणारा माणूस होता. तो करंट त्याच्यातून गेल्यावर आरसीसीबी पडली असती, पडायलाच हवी. पण घरोघरी वर्षानुवर्षं कोणी तिचं टेस्टचं बटण दाबून पाहिलेलं नसतं, त्यामुळे 'पडली असती' यावर मी माझ्या घरच्या माणसाचा जीव ठेवणार नाही.

त्या घरात मी हीटर बदलला. तिथे तो खरोखर गेला होता.

तुमच्या घरी डिशवॉशर, गीझर किंवा वॉशिंग मशीनच्या प्लगातली अर्थिंगची वायर कोणी 'ट्रिप होतंय' म्हणून कापली किंवा सोडवली असेल, तर आज रात्रीची भांडी हातानं घासा. उद्या सकाळी वायरमनला बोलावून ती आधी जोडून घ्या, आणि तो आलेला असतानाच आरसीसीबीचं टेस्टचं बटण दाबून पाहा.